मानेच्या गाठी आणि युनानी औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी युनानी पद्धतीने उपचार करतो. मान, काख किंवा जांघेत गाठ आली की लोक जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांना फक्त लेपाची कृती हवी आहे त्यांनीही प्रश्न ६ आधी वाचावा, ही कळकळीची विनंती.

१. युनानीत ज्याला 'खनाजीर' म्हणतात, ती म्हणजे आपली गंडमाळच का?

हो. मानेच्या बाजूला माळेसारख्या ओळीने येणाऱ्या, बहुतेकदा न दुखणाऱ्या आणि हळूहळू वाढत जाणाऱ्या गाठींना मराठीत गंडमाळ किंवा कंठमाळ म्हणतात, तर युनानी ग्रंथांत खनाजीर. कुठल्याही ग्रंथीला सूज आली की तिला 'वरम-ए-गुदूद' हे सर्वसाधारण नाव आहे.

आजच्या भाषेत या लसिका ग्रंथी. शरीरात त्या सुमारे ६०० असतात आणि मानेत त्यांची दाटी जास्त असते. घसा, दात, कान, डोक्याची त्वचा यांपैकी कुठेही जंतुसंसर्ग झाला की जवळची ग्रंथी कामाला लागते आणि फुगते. म्हणजे फुगलेली प्रत्येक गाठ गंडमाळ नसते. पण जुन्या हकीमांनी खनाजीर म्हणून ज्याचं वर्णन केलं, त्यातला मोठा भाग म्हणजे ग्रंथींचा क्षयरोग, हे आता स्पष्ट आहे.

२. यावर युनानीत कोणती औषधं देतात?

नेहमीच्या वापरातली तीन. बाहेरून लावायला मकोयचा लेप आणि मरहम दाखिलियून, पोटात घ्यायला इत्रीफल गुदूदी. टॉन्सिल सुजले असतील तर शरबत तूत सियाह, म्हणजे काळ्या तुतीचं सरबत, कोमट पाण्यात घालून त्याच्या गुळण्या करायला सांगतात. (तुतीची फळं महाबळेश्वरला खातो तीच. औषधाला मात्र काळी जात हवी.)

या औषधांमागचा विचार सांगायला हवा, कारण तो कळला नाही तर औषध चुकीच्या वेळी लावलं जातं. युनानीत सुजेच्या चार अवस्था मानतात: सुरुवात, वाढ, कळस आणि उतार. एरवी नव्या सुजेवर आधी 'रादे' औषधं लावतात, म्हणजे थंड, आकसून घेणारी, माद्दा (सूज आणणारं, शरीरात साचलेलं दोषद्रव्य) मागे ढकलणारी. उतरत्या सुजेवर 'मुहल्लिल', म्हणजे विरघळवणारी. पण इब्न सीना या जुन्या हकीमाच्या 'अल-कानून' या ग्रंथात याला एक स्पष्ट अपवाद आहे. कानामागे, काखेत आणि जांघेत आलेल्या सुजेवर रादे औषध लावू नये. त्या काळच्या समजुतीप्रमाणे या तीन जागा अनुक्रमे मेंदू, हृदय आणि यकृत यांचा माद्दा बाहेर टाकण्याच्या वाटा आहेत, आणि तिथे तो मागे ढकलणं धोक्याचं.

त्यातलं शरीरशास्त्र आज कुणी धरणार नाही. पण हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने ओळखलं होतं, की या जागची गाठ दुसरीकडच्या बिघाडामुळे येते. तो बिघाड शोधायचा. नुसती गाठ दाबून टाकणं ही युनानी चिकित्सा नव्हे.

३. मकोय म्हणजे आपल्याकडची कोणती वनस्पती? लेप घरी कसा करायचा?

मराठीत तिला कामोणी म्हणतात, आयुर्वेदात काकमाची, आणि युनानी पुस्तकांत इनब-उस-सालब. पावसाळ्यात बांधावर, उकिरड्याशेजारी, कुंडीतसुद्धा आपोआप उगवते. छोटी पांढरी फुलं, मध्ये पिवळा दांडा, मिरीपेक्षा थोडी मोठी हिरवी फळं, जी पिकल्यावर काळी किंवा तांबडी होतात. खोडापानांवर काटे असतील तर ती ही वनस्पती नव्हे. फळच काटेरी असेल तर तो धोतरा असू शकतो, त्याला हातही लावू नका.

ताजी पानं धुऊन पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटा. त्यात जवाचं पीठ घाला, लेप ओघळणार नाही इतपतच. काष्ठौषधींच्या दुकानात बाबूना (कॅमोमाइलची फुलं) मिळाला तर त्याची चिमूटभर पूड घाला. मग लेप कोमट करा. ग्रंथीच्या जागी गार लेप लावत नाहीत, त्याचं कारण प्रश्न २ मध्ये आलं आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून ऊब सोसते का बघा आणि बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीचा थर द्या. अर्ध्या-पाऊण तासाने, पूर्ण वाळायच्या आत, कोमट पाण्याने पुसून काढा. वाळून कडक झालेला लेप ओढून काढला तर कातडी सोलवटते. दिवसातून दोनदा पुरे.

त्वचा फुटलेली असेल, गाठीतून पाणी किंवा पू येत असेल, खाज किंवा पुरळ उठलं असेल, तर लेप लावायचा नाही. आणि हिरवी, कच्ची फळं मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्यांत सोलानिन असतं, त्याने उलट्या, जुलाब आणि पोटात कळा येतात.

४. मरहम दाखिलियूनमध्ये शिसं असतं, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि हे विकत घेणाऱ्याला सांगितलंच पाहिजे. पारंपरिक पाठात जवस, मेथी आणि खत्मी ही औषधी वनस्पती यांचा लुआब, म्हणजे भिजवून काढलेला चिकट गर, ऑलिव्हचं तेल आणि मुरदारसंग असतो. मुरदारसंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तेल, लुआबातलं पाणी आणि मुरदारसंग एकत्र आटवले की तेलाचं शिशाच्या साबणात रूपांतर होतं आणि मलम घट्ट बसतं. म्हणजे शिसं त्यात चुकून मिसळलेलं नसतं. मलमाचा बांधाच त्याच्यावर उभा असतो.

हे औषध मूळचं ग्रीक-रोमन आहे. पहिल्या शतकात रोमन सम्राट टायबेरियसच्या काळातल्या मेनेक्रेटिस या वैद्याकडे त्याचं श्रेय जातं. तिथून ते अरबी ग्रंथांत आलं आणि भारतात आपल्या दवाखान्यांत पोचलं. युरोपातही ते शतकानुशतकं चालू होतं. १८व्या शतकात शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला ग्लिसरीन सापडलं ते ऑलिव्ह तेल आणि मुरदारसंग एकत्र तापवताना, म्हणजे जवळजवळ हेच मलम करताना. पुढे १९व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये, विशेषतः शेफील्डच्या भागात, गर्भ पाडण्यासाठी बायका याच मलमाच्या गोळ्या करून गिळू लागल्या आणि शिशाच्या विषबाधेने कित्येक जणी दगावल्या. औषध जुनं आहे म्हणून निर्धोक, असं मानणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

अखंड त्वचेतून अशा शिशाचं शोषण कमी होतं. जखमेतून ते वाढतं, आणि मलमाचा हात तोंडात गेला तर आणखी. लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, आणि फुटलेल्या गाठीवर हे मलम मी देत नाही. बाकीच्यांनाही आधी प्रश्न ५ मधला लेप सुचवतो. मेथी-जवसाची ऊब आणि मऊपणा हवा असेल तर त्यासाठी शिसं अंगाला लावण्याची गरज नाही.

५. शिसं नसलेला, पण दाखिलियूनसारखा लेप करता येतो का?

येतो. दोन चमचे जवसाची पूड आणि एक चमचा मेथीची पूड गरम पाण्यात घालून मंद आचेवर ढवळा. तार सुटेल इतकं चिकट झालं की उतरवा. एक चमचा ऑलिव्हचं किंवा तिळाचं तेल घाला. खत्मीची फुलं किंवा मूळ मिळालं तर रात्री भिजवून तेच पाणी वापरा. सुती कापडावर पसरून कोमट असताना अर्धा तास बांधा. रोज ताजा करा, कारण उरलेला लेप आंबतो. दुखरी, ताणलेली गाठ याने सैलावते आणि ठणका कमी होतो. गाठीमागचा जंतू याने मरत नाही.

६. गाठ साधी आहे की टीबीची की कॅन्सरची, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही. मला नाडी पाहूनही ओळखता येत नाही, आणि कुणी तसं म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. घरी इतकंच ठरवता येतं, की थांबायचं की लगेच जायचं.

घसा दुखतोय, दाढ सुजलीय, डोक्यात फोड आहेत, आणि त्याबरोबर दुखरी, मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ आली, तर मूळ दुखण्यावर उपचार करून दोन आठवडे थांबता येतं. तेवढ्यात ती उतरणीला लागली पाहिजे.

उलट दोन आठवड्यांनंतरही गाठ तशीच आहे किंवा वाढतेय, ती दगडासारखी कडक आहे, हलत नाही, कॉलर बोनच्या वरच्या खळग्यात आहे, अनेक गाठी एकमेकींना चिकटल्या आहेत, सोबत संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं किंवा भूक मंदावणं आहे. यांतलं एक जरी असेल तर लेपाचा विचार बाजूला ठेवा आणि तपासणी करून घ्या. तंबाखू, गुटखा, मिश्री यांची सवय असलेल्यांनी तोंड आणि घसाही दाखवावा. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचा पहिला सुगावा कधी कधी मानेच्या गाठीतूनच लागतो. तिच्यावर घालवलेले लेपाचे तीन महिने परत मिळत नाहीत.

७. सुई घालून तपासणी केली तर गाठ पसरते, असं म्हणतात. खरं का?

नाही. एफएनएसी या तपासणीत बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढतात. काम काही मिनिटांचं असतं आणि या भीतीने ती टाळू नये. क्षयाची शंका असेल तर त्याच नमुन्यावर सीबीनॅटसारखी जनुकीय तपासणी होते. तिच्यातून रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही कळतं. नमुना अपुरा पडला तर बायॉप्सी करतात.

८. टीबीच निघाला. सहा महिने गोळ्या खाण्यापेक्षा युनानी औषधाने बरं होणार नाही का?

नाही. यात मला जराही शंका नाही. ग्रंथींचा क्षय जंतूने होतो आणि त्या जंतूला मारणारी औषधं ठरलेली आहेत. साधारणपणे दोन महिने चार औषधं आणि पुढे चार महिने तीन. सरकारी केंद्रात ती फुकट मिळतात. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी बँक खात्यात पैसे येतात. २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. नोंदणीसाठी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६.

फुफ्फुसात क्षय नसेल, फक्त गाठीत असेल, तर तो सहसा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. घरातल्या सुनेचं ताट-वाटी वेगळं काढणं, मुलीचं लग्न मोडेल म्हणून आजार लपवणं आणि त्यापायी हकीमाकडे गुपचूप 'जडीबुटी' मागायला येणं, हे थांबायला हवं. माझ्याकडे अशा मुली येतात तेव्हा मी औषधाऐवजी पत्ता देतो.

९. टीबीच्या गोळ्या चालू आहेत आणि गाठ उलट वाढली. औषध लागू पडत नाही का?

बहुधा तसं नसतं. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जुनी गाठ फुगते, नवी दिसते, कधी मऊ होऊन फुटते. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते, त्यामुळे हे होतं. पण औषधाला दाद न देणारा जंतू असण्याची शक्यताही उरते. म्हणून ज्या डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत त्यांनाच दाखवा आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नका. याच टप्प्यावर घाबरून गोळ्या सोडणारे आणि लेपाकडे वळणारे लोक मी सर्वांत जास्त पाहतो.

कोर्स संपल्यावरही हाताला छोटी, टणक गाठ लागत राहू शकते. ती वाढत नसेल तर बहुतेक वेळा तो उरलेला वण असतो.

१०. मग त्या गोळ्यांबरोबर इत्रीफल गुदूदी घेतली तर चालेल?

डॉक्टरांना न सांगता नाही. क्षयाच्या तीन मुख्य औषधांचा यकृतावर ताण येतो. त्यात दुसरं काही घालून कावीळ झाली, तर ती कशाने झाली हे ठरवता येत नाही आणि सगळंच थांबवावं लागतं. इत्रीफलाने पोट सैल होतं, तेही या काळात अशक्तपणा वाढवणारं. आधी कोर्स पुरा करा.

११. इत्रीफल गुदूदी नेमकी कशी आणि कुणी घ्यायची?

इत्रीफल म्हणजे आपल्या त्रिफळ्यावर उभं असलेलं अवलेह. हरडा, बेहडा, आवळा यांची पूड बदामाच्या तेलात किंवा तुपात मळून मधाच्या किंवा साखरेच्या पाकात घालतात. गुदूदी या प्रकारात ग्रंथींसाठीची इतर द्रव्यंही असतात. मोठ्या माणसाला साधारण ५ ते १० ग्रॅम, रात्री झोपताना, पाण्याबरोबर. वारंवार सर्दी, कफ आणि बद्धकोष्ठ असणाऱ्या, तपासणीत गंभीर काही न निघालेल्या माणसाला मी ती देतो.

मधुमेह असेल तर सावध राहा. यात चूर्णापेक्षा पाक जास्त असतो. गरोदरपणात, आणि जुलाब चालू असताना घेऊ नये.

१२. कांचनार गुग्गुळ आणि इत्रीफल गुदूदी दोन्ही घेऊ का?

एका वेळी एकच. कांचनार गुग्गुळ हे गंडमाळेवरचं आयुर्वेदिक औषध. त्यातही त्रिफळा आहेच, त्यामुळे दोन्ही मिळून पोट बिघडतं. गुग्गुळामुळे इतर काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं. साल विकत घेऊन काढा करणार असाल तर खात्रीच्या दुकानातूनच घ्या. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं सर्रास विकली जातात. पानांत इतका घोळ होतो, मग वाळलेल्या सालीत काय होत असेल?

१३. मुलाच्या मानेला कायम छोट्या गाठी लागतात. काळजी करू का?

वाटाण्याएवढ्या, मऊ, सरकणाऱ्या गाठी, मूल खेळतंय, जेवतंय, वजन वाढतंय, तर बहुतेक वेळा नाही. मुलांना सर्दी-खोकला होतच असतो. डोक्यात उवा किंवा खरूज असेल तर मानेच्या मागे गाठी येतात, तिथे उवांवर उपचार करा. रोज दाबून पाहू नका. प्रश्न ६ मधली लक्षणं मुलांनाही लागू आहेत, आणि घरात कुणाला क्षय असेल तर थांबूच नका.

१४. तान्ह्या बाळाच्या डाव्या काखेत गाठ आली आहे. लेप लावू?

नको. बीसीजीची लस जन्मल्यावर डाव्या दंडावर देतात. त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी काही बाळांना त्या बाजूच्या काखेत गाठ येते. बाळ चांगलं असेल तर ती बहुधा आपोआप जाते. शेकू नका, दाबू नका, चिरू नका. मऊ पडली, लाल झाली किंवा बाळाला ताप असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

१५. गालफुगीवर मकोयचा लेप चालतो का?

गालफुगी विषाणूने होते आणि साधारण आठवडाभरात उतरते. कोमट लेपाने मोठ्या मुलाला आराम वाटत असेल तर हरकत नाही. वृषण दुखणं, तीव्र डोकेदुखी, मान आखडणं, ऐकू कमी येणं, सतत उलट्या यांपैकी काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

१६. पायाला जखम झाली आणि जांघेत अवधाण आलं. कुठे लावू?

आधी पायाकडे बघा. काटा, चिखल्या, नखाचा पू, जे असेल ते साफ झालं की अवधाण उतरतं. जांघेत लेप लावून पायाची जखम तशीच ठेवली तर काही उपयोग नाही. मधुमेह असेल तर त्याच दिवशी दाखवा. जखम नसताना गाठ आली असेल तर लैंगिक आजाराची तपासणी संकोच न करता करा. पूर्व विदर्भात, जिथे हत्तीरोग आहे, तिथे पायाला वारंवार सूज आणि ताप येत असेल तर त्याचीही करा.

१७. गळ्याच्या मधोमध सूज आहे. हीच औषधं?

आरशासमोर पाण्याचा घोट घ्या. गिळताना सूज वर सरकली तर ती बहुधा थायरॉइडची, म्हणजे गलगंड. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लागते. चालू असलेली थायरॉइडची गोळी लेपाच्या भरवशावर बंद करू नका.

१८. एकाने दिलेल्या पुड्यांनी चार दिवसांत गाठ विरघळली. ती औषधं चांगली नाहीत का?

चार दिवसांत जुनी गाठ बसवणारं वनौषध माझ्या पाहण्यात नाही. बिननावाच्या पुडीत स्टिरॉइड असण्याची शक्यता मोठी आहे. स्टिरॉइडने लिम्फोमा या कॅन्सरच्या गाठीसुद्धा तात्पुरत्या आकसतात, मग तपासणीत खरं दिसत नाही. क्षय असेल तर तो स्टिरॉइडने आतून भडकतो. पुडी फेकू नका, डॉक्टरांना नेऊन दाखवा. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. ती कशी कमी करायची हे त्यांना ठरवू द्या.

१९. युनानी डॉक्टर खरा आहे आणि औषध खरं आहे, हे कसं पाहायचं?

पदवी बीयूएमएस असते आणि महाराष्ट्रात नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे होते. मुंबई, पुणे, मालेगाव, जळगाव, अक्कलकुवा इथे युनानी महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्या रुग्णालयांत दाखवता येतं. डब्यावर उत्पादन परवाना क्रमांक, घटकांची यादी, बॅच आणि मुदत हवी. घटकांत मुरदारसंग लिहिलं असेल तर प्रश्न ४ पुन्हा वाचा. यादीच नसेल तर डबा घेऊ नका.

२०. गाठ मऊ पडली आहे, आत पाणी असल्यासारखी लागते. लेपाने पिकवून फोडू का?

अजिबात नको. लाल, गरम, ठणकणारी असेल तर तो साधा पू असू शकतो आणि शल्यचिकित्सक तो नीट काढतील. पण मऊ झालेली, तरी न तापलेली, फारशी न दुखणारी गाठ हा क्षयाचा थंड गळू असू शकतो. तो घरी फोडला किंवा कुणी गळू समजून नुसता चिरला तर तिथे महिनोन्‌महिने वाहणारी जखम राहते. अशी गाठ कोरड्या, स्वच्छ कापडाने झाका आणि सुईची तपासणी करून घ्या. आधीच फुटली असेल तर त्या पुवाचा नमुनाही तपासायला द्यायला सांगा. मलमपट्टी करताना तो बहुतेकदा पुसून टाकला जातो.